प्रयोगशाळा नसताना छोट्या गॅजेटचा विश्वासार्ह रिव्ह्यू कसा करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही सांगलीत राहता आणि दोनशे ते दोन हजार रुपयांपर्यंतच्या वेगळ्याच पण कामाला येणाऱ्या वस्तूंचे रिव्ह्यू तुम्हाला मराठीत करायचे आहेत. पॉवर बँक, लाइट गेल्यावरही चालू राहणारा बल्ब, तोटीला लावायचा हीटर, यूएसबीवर चार्ज होणारा चॉपर, माती तपासायचा मीटर असल्या वस्तू. पहिल्या काही व्हिडिओंवर लोक म्हणाले, "हे तर नुसतं खोकं उघडून दाखवणं झालं." म्हणून तुम्ही विचारताय की महागडी उपकरणं नसताना लोकांचा विश्वास बसेल असं काय करता येईल, वस्तू किती दिवस वापरून मग बोलायचं, आणि विक्रेत्याने वस्तू फुकट पाठवली तर काय करायचं.

लोक जे म्हणाले ते उपकरणांबद्दल नव्हतं. खोक्यावर छापलेलं तुम्ही वाचून दाखवलंत. ते त्यांनाही वाचता येतं. अशा प्रत्येक वस्तूचा एक मुख्य दावा असतो, ज्याच्या जोरावर ती विकली जाते. बल्बचा दावा "चार तास बॅकअप", हीटरचा "काही सेकंदांत गरम पाणी", पॉवर बँकेचा "१०,००० एमएएच" (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता). तो एक दावा निवडा, आपल्या भागातल्या परिस्थितीत मोजा आणि आलेला आकडा सांगा. आपल्या भागातली परिस्थिती म्हणजे वस्तीवर संध्याकाळी उतरणारं व्होल्टेज, बोअरचं क्षाराचं पाणी, एप्रिल-मेचं ऊन, जावळी-महाबळेश्वरकडचा चार महिन्यांचा पाऊस, कृष्णाकाठची क्षारपड जमीन. मोठ्या शहरात बसून रिव्ह्यू करणारे हे तपासत नाहीत. तुमच्या कामाला मोल येणार ते इथेच.

किती दिवस वापरायचं याला एकच उत्तर नाही. चॉपर आठवडाभरात कळतो. बॅटरी असलेल्या कुठल्याही वस्तूला निदान तीन महिन्यांनी दुसरी चाचणी लागते. हीटरचा रिव्ह्यू डिसेंबर-जानेवारीत, पावसाळी वस्तूंचा जून-जुलैमध्येच करावा. मात्र ऑनलाइन वस्तू परत करायची मुदत बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांची असते, म्हणून मुख्य दाव्याची मोजणी पहिल्या चार दिवसांत उरका आणि रोजचा वापर त्यानंतर सुरू करा. उलट क्रमाने गेलात तर खोटी निघालेली वस्तू तुमच्याच गळ्यात पडते.

आधी साधनं, आणि ती खरी आहेत का ते

साधारण तीन-साडेतीन हजारांत पुरेसा संच जमतो: एक साधा मल्टिमीटर, एक यूएसबी टेस्टर (व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॉट-तास दाखवणारा), सॉकेटमध्ये लावायचा वॉट मीटर, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि सळई असलेला डिजिटल थर्मामीटर. उजेडासाठी फोनमधला लक्स मोजणारा ॲप चालतो. दोन फोनांचे आकडे जुळत नाहीत, पण एकाच फोनवर "आधी इतका, नंतर इतका" हे प्रमाण भरवशाचं येतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

वॉट मीटर घेताना त्याची अँपिअरची मर्यादा बघा. दहा अँपिअरच्या मीटरवर तीन किलोवॉटचा हीटर लावला तर मीटर वितळू शकतो.

साधनं स्वस्त असली तरी ती आधी तपासून घ्यायची. काट्यासाठी दहा रुपयांची दोन धातूंची नाणी उत्तम; एक नाणं ७.७ ग्रॅमच्या आसपास भरतं. एक, पाच, दहा, वीस अशी चढत्या क्रमाने ठेवा. वजन त्याच पटीत वाढलं तर काटा सरळ आहे. थर्मामीटर आधी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासा, तिथे शून्य यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. इथे बरेच जण फसतात, कारण ते १०० अंशांची वाट बघतात. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सांगली साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास, आणि महाबळेश्वरात पंच्याण्णव-शहाण्णवला. म्हणजे सांगलीत तुमच्या थर्मामीटरने बरोबर १०० दाखवलं, तर तो दोन अंश जास्त दाखवतोय.

पाणी तपासायच्या टीडीएस मीटरचा रिव्ह्यू करणार असाल तर त्याचीही अशीच परीक्षा आहे. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) १,००० मायक्रोसीमेन्सच्या आसपास येते. मीटरने ५०० च्या आसपास दाखवलं तर तो ०.५ चा गुणक वापरतो, ७०० च्या आसपास दाखवलं तर ०.७ चा. दोन्ही बरोबरच आहेत. शेजाऱ्याच्या आणि आपल्या मीटरमध्ये फरक का पडतो याचं हे सर्वांत नेहमीचं कारण, आणि तुम्ही ते सांगितलंत तर लोकांचे पुष्कळ वाद मिटतील. हा मीटर विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. म्हणून "आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध" हे वाक्य रिव्ह्यूमध्ये कधीही येऊ देऊ नका.

पॉवर बँक: इथे बहुतेक नवे लोक अन्याय करतात

१०,००० एमएएचची बँक टेस्टरवर रिकामी केली की ६,३०० एमएएच भरतात, आणि रिव्ह्यू करणारा ओरडतो, "फसवणूक!" फसवणूक नसते. खोक्यावरचा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. १०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास ऊर्जा. यूएसबीतून ती ५ व्होल्टवर बाहेर येते, म्हणजे काहीही वाया गेलं नाही तरी जास्तीत जास्त ७,४०० एमएएच. व्होल्टेज चढवताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. उरतात सहा ते साडेसहा हजार. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी" म्हणून हाच आकडा छापलेला असतो.

म्हणून एमएएच सोडा आणि वॉट-तास सांगा. बँक पूर्ण चार्ज करा, तासभर तशीच ठेवा, मग ५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लोड म्हणून लावा. यातून साधारण एक अँपिअर वाहतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, तेव्हा तो फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि जवळ कागद-कापड नको. बँक आपोआप बंद होईपर्यंत टेस्टरवरचे वॉट-तास बघा. ३७ पैकी ३१ ते ३३ मिळाले तर माल चांगला. २८ च्या खाली आले तर एकतर सर्किट वाया घालवतंय किंवा सेल छापल्यापेक्षा लहान आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

यात वजनाची एक पडताळणी जोडा. तिला काहीच खर्च नाही. आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोला अडीचशे वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. कुणी तीनशे ग्रॅमच्या डबीवर ५०,००० एमएएच छापलं असेल, तर ते १८५ वॉट-तास झाले आणि त्याला नुसते सेलच सातशे ग्रॅमच्या वर लागतील. ही डबी न उघडता, न मोजता खोटी ठरते. बाजारात "९,९०० एमएएच" छापलेले '१८६५०' या आकाराचे गोल सेल दिसतात, त्यांचंही हेच. त्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते.

पॉवर बँकेवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी बंधनकारक आहे. त्यावर 'आर' अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीची, कोणत्या वस्तूची नोंदणी आहे ते दिसतं. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर रिव्ह्यू तिथेच संपला. आणि एक गोष्ट विसरू नका: कित्येक बँका अगदी कमी करंट लागला की "काही जोडलेलंच नाही" असं समजून बंद पडतात. इअरबड आणि मनगटावरचा बँड लावून बघा. ज्यांच्यासाठी लोक छोटी बँक घेतात तीच उपकरणं तिच्यावर चार्ज होत नसतील, तर ते कळायलाच हवं.

लाइट गेल्यावर चालणारा बल्ब

आपल्या भागात सर्वांत जास्त खपणारी वस्तू हीच असावी, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी नीट सांगितलं जातं. दुकानदार बल्ब हातात धरून पेटवून दाखवतो आणि बघणारा चकित होतो. त्यामागची क्रिया समजली की रिव्ह्यू कसा करायचा ते आपोआप सुचतं.

बल्बला लाइट गेली आणि बटण बंद केलं यातला फरक ओळखावा लागतो. बटण बंद असतं तेव्हा त्याच्या दोन टोकांपैकी एक अधांतरी असतं. लाइट गेलेली असते पण बटण चालू असतं, तेव्हा दोन्ही टोकं घरातल्या फ्रीज, पंखा, टीव्ही अशा उपकरणांमधून किंवा बाहेरच्या लाइनमधून एकमेकांना जोडलेली राहतात. बल्ब हा जोड ओळखतो आणि पेटतो. हातात धरल्यावर अंगातून तोच जोड मिळतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही तपासायच्या. पहिली: मेन स्विच पाडला आणि घरातलं बाकी काहीच चालू नसेल, तर बल्ब पेटेलच असं नाही. मळ्यातल्या एका खोलीत एकच बल्ब असतो, तिथे हे होतं आणि माणूस म्हणतो बल्ब खराब निघाला. दुसरी जास्त महत्त्वाची: यातल्या बहुतेक बल्बांची बॅटरी बटण चालू असतानाच चार्ज होते. जिन्यात किंवा न्हाणीघरात लावलेला बल्ब दिवसातून वीस मिनिटं चालतो आणि त्याची बॅटरी कायम अर्धपोटी राहते. लाइट जाते तेव्हा तो पाऊण तासात मंदावतो. तो कुठे लावायचा हे रिव्ह्यूमध्ये आलंच पाहिजे: संध्याकाळभर जिथे दिवा चालू असतो तिथे, म्हणजे सोप्यात किंवा स्वयंपाकघरात.

चाचणी अशी करा. बल्ब दहा तास चालू ठेवून पूर्ण चार्ज करा. रात्री अंधाऱ्या खोलीत बल्बच्या बरोबर खाली एक मीटरवर फोन ठेवा, स्क्रीन वर करून. लाइटवर असतानाचा लक्स लिहून घ्या. मग बटण न बंद करता मेन स्विच पाडा, पण फ्रीज किंवा पंख्याचं बटण चालू राहू द्या. ताबडतोब, पंधरा मिनिटांनी, एक, दोन, तीन आणि चार तासांनी लक्स लिहा. तुम्हाला दोन आकडे मिळतील. एक, लाइटवरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड बॅकअपला मिळतो. ९ वॉटचा बल्ब बॅटरीवर ९ वॉट देत नाही, हे बघून लोकांना आश्चर्य वाटेल. दुसरा, बॅकअपच्या सुरुवातीचा उजेड निम्म्यावर यायला किती वेळ लागला. खोक्यावरचे "चार तास" म्हणजे बल्ब मिणमिणत विझेपर्यंतचा वेळ. स्वयंपाक करायला किंवा पोराला अभ्यासाला बसायला उपयोगी वेळ निम्म्या उजेडापर्यंतचाच धरावा. मी अशा बल्बांना याच दुसऱ्या आकड्यावर गुण देतो.

तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा करा. लिथियम सेलला उष्णता सोसत नाही, आणि इथे तो तापणाऱ्या एलईडीच्या शेजारीच बसलेला असतो. बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये खोलवर लावला तर तो आणखी लवकर म्हातारा होतो. डास मारायच्या बॅटचा प्रश्न याच जातीचा आहे, पण तिथे बहुधा छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती रिकामी राहिली की सल्फेट धरून मरते. थंडीत कपाटावर टाकलेली बॅट उन्हाळ्यात चार्जच होत नाही ती यामुळे. बॅटचा रिव्ह्यू करताना महिनाभर चार्ज न करता ठेवून मग तपासा, आणि पिन सॉकेटमध्ये असताना जाळीला हात लावू नका. स्वस्त बॅटच्या चार्जिंग सर्किटमध्ये मेन लाइन वेगळी केलेली नसते.

तोटीला लावायचा हीटर

या वस्तूचा रिव्ह्यू करायच्या आधी एक नियम करून घ्या: घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासल्याशिवाय आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) असल्याशिवाय हा हीटर चालू करायचा नाही. यातल्या कित्येक मॉडेलमध्ये तापणारी तार उघडी असून थेट पाण्यात बसते. साध्या भाड्याच्या खोलीत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येऊन तिथेच संपलेली असते. तिथे ही वस्तू घेऊ नका, असं स्पष्ट सांगायला कचरू नका. सॉकेट १६ अँपिअरचं हवं, आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची तरी हवी, चारची असेल तर बरं.

आता दावा. खोक्यावर ३,००० वॉट आणि ५०-६० अंश लिहिलेलं असतं. हिशेब करून बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,१९० ज्यूल लागतात. मिनिटाला दोन लिटर पाणी सोडलं तर ३,००० वॉटमध्ये ते साधारण साडेएकवीस अंशांनी तापतं. साताऱ्यात थंडीत टाकीचं पाणी सकाळी २० अंश धरलं तर तोटीतून साडेएकेचाळीस येईल. आंघोळीला पुरेसं. पण हे २३० व्होल्टवर. व्होल्टेज १९० वर आलं तर हीटरची ताकद वर्गाच्या प्रमाणात घसरते: १९० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६८. तीन हजाराचा हीटर दोन हजार पन्नास वॉटचा होतो आणि तेच पाणी पस्तीस अंशांपर्यंतही पोचत नाही. माणूस पाण्याची धार बारीक करतो, आणि धार फार बारीक झाली की आतलं प्रेशर स्विच हीटर बंद करतं. "कधी गरम, कधी गार" ही तक्रार अशी जन्माला येते.

मोजायचं ते एवढंच: दोन लिटरचं भांडं भरायला लागलेला वेळ, आत जाणाऱ्या पाण्याचं तापमान, दोन मिनिटं चालल्यावर बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान, आणि हीटर चालू असताना सॉकेटवरचं व्होल्टेज. हीटर सुरू करण्याआधीचं व्होल्टेज कामाचं नाही, लोड आल्यावर ते पडतं. हे चार आकडे दिलेत की बघणारा स्वतःच्या घरातलं व्होल्टेज घालून आपला हिशेब करू शकतो. बोअरच्या पाण्यावर वापर करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे एक हीटर दोन महिने लावून द्या. क्षाराचा थर बसून धार किती कमी होते ते तिथेच कळेल.

माती तपासायचा सुईचा मीटर

ओलावा, सामू (पीएच) आणि उजेड असं तिन्ही दाखवणारा, बॅटरी न लागणारा हा मीटर द्राक्षवाले आणि घरच्या कुंड्यांवाले दोघेही घेतात. बॅटरी का लागत नाही? सळयांचे धातू वेगवेगळे असतात. ओल्या मातीत त्यांच्यामध्ये किंचित वीज तयार होते आणि तिनेच सुई हलते. म्हणजे सुई जितकी ओलाव्याने हलते तितकीच मातीतल्या क्षारांनीही. आपल्याकडे मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात पाणी धरून क्षारपड झालेली जमीन आहे. तिथे हा मीटर काय सांगेल याचा विचार करा.

कॅमेऱ्यासमोर करायला ही फार सोपी चाचणी आहे. एकाच ठिकाणची माती उन्हात वाळवून एक-एक किलोच्या तीन कुंड्या भरा. एक कोरडी ठेवा. दुसरीत २०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला, तिसरीत तेवढ्याच पाण्यात पाच ग्रॅम मीठ विरघळवून घाला. माती चांगली कालवून तासभर झाकून ठेवा, मग सारख्याच खोलीवर सारख्याच जोराने सळई खुपसा. दुसरी आणि तिसरी कुंडी सारखीच ओली आहे. सुई तिसरीत पुढे गेली तर मीटर क्षार मोजतोय आणि त्याच्या भरवशावर क्षारपड रानात पाणी बंद करणारा शेतकरी पिकाला मारेल. सामूसाठी त्या शेताचा माती परीक्षण अहवाल शेजारी ठेवा आणि मीटरचा आकडा वाचा.

कुंडीतली तुळस सुकली की नाही एवढं बघायला हा मीटर चालेल. शेतीच्या निर्णयाला नको. पर्याय विचारला तर टेन्सिओमीटर सांगा. त्यात सच्छिद्र टोकातून माती पाणी किती जोराने ओढते ते मोजलं जातं, आणि क्षारांमुळे त्याचं वाचन बिघडत नाही. महाग आहे, त्याच्या नळीत पाणी भरत राहावं लागतं, पण शेतात कामाचा तोच.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

यूएसबी चॉपरला भाजी कापून दाखवायची काहीच गरज नाही. काकडी कशानेही कापली जाते. त्याला लसूण, आलं आणि भाजलेले शेंगदाणे द्या. सांगलीत भडंगासाठी लसूण ठेचायचा असतो, तो समान होतो की तळाशी पेस्ट आणि वर पाकळ्या राहतात ते बघा. शंभर ग्रॅम शेंगदाणे तीस सेकंद फिरवा, रव्याच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेल्याचं वजन करा. "बारीक होतं" यापेक्षा "शंभरातले पस्तीस ग्रॅम जाडच राहिले" हे ऐकणाऱ्याला पटतं. एका चार्जमध्ये अशी किती भांडी होतात ते मोजा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये मोटरला थंड व्हायला वेळ द्या. या वस्तू बिघडतात त्या बहुधा धुताना, झाकणातल्या चार्जिंगच्या खाचेत पाणी गेल्याने. खाचेचं रबर घट्ट बसतं का ते बोटाने ओढून दाखवा.

वीज वाचवणारा प्लग जत्रेतल्या स्टॉलवर फार विकला जातो. विकणारा अँपिअर मीटर लावून काटा खाली आलेला दाखवतो, आणि तो खरंच खाली येतो. आत एक कपॅसिटर असतो; मोटरसारख्या लोडचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) सुधारला की करंट कमी होतो. घरगुती मीटर मात्र किलोवॉट-तास मोजतो आणि ते तसूभरही कमी होत नाहीत. वॉट मीटरवर अँपिअर आणि वॉट दोन्ही एकाच चौकटीत दाखवा. यापुढे काही बोलावं लागणार नाही.

पाचशे रुपयांच्या "दोन टीबी" पेन ड्राइव्हसाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो. दुचाकीच्या हँडलवरचा मोबाइल होल्डर खंबाटकीच्या घाटात घट्ट राहिला तरी काम संपत नाही, कारण इंजिनाची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब करू शकते. ॲपलने २०२१ मध्ये आयफोन वापरणाऱ्यांना याबद्दल सावध केलं होतं. होल्डरमध्ये थरथर शोषणारे रबर आहे का, हे आधी सांगा. पावसाच्या वस्तूंवर आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सातचा शिक्का असलेली वस्तू जोराच्या धारेला टिकेलच असं त्यात गृहीत नाही. महाबळेश्वरच्या पावसात गाडी चालवताना लागते ती धार.

फुकट आलेली वस्तू

घ्यायला बंदी नाही, लपवायला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे, पैसेच नव्हे तर फुकट वस्तू, सवलत, भेट असा कुठलाही लाभ मिळाला असेल तर तो ठळकपणे सांगावा लागतो. व्हिडिओत तो सुरुवातीलाच, बघणाऱ्याच्या भाषेत, बोलून आणि लिहून सांगा. खालच्या वर्णनात हॅशटॅगांच्या गर्दीत टाकलेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि तो प्रचार करणाऱ्यालाही लागू आहे.

मी स्वतः यापुढे एक पाऊल जातो: विक्रेत्याने पाठवलेल्या नगावर मोजलेले आकडे देत नाही. पाठवलेला नग निवडक असू शकतो. तीच वस्तू दुकानातून किंवा ऑनलाइन स्वतःच्या नावाने विकत घेऊन मग मोजतो. दोनशे-तीनशेच्या वस्तूंमध्ये तर दोन नग घ्या, कारण स्वस्त मालात नगागणिक फरक मोठा असतो. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि एमआरपी आहे का, ते जवळून दाखवा. किंमत सांगताना तारीखही सांगा.

सुरुवात कुठून करायची, तर बल्बपासून. खर्च कमी, धोका कमी, चाचणी एका रात्रीत होते, आणि घराघरात हा प्रश्न आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन बल्ब आणा, तिन्ही एकाच होल्डरवर, एकाच फोनने, वेगवेगळ्या रात्री तपासा. हीटर सर्वांत शेवटी घ्या, आणि त्या दिवशी वायरमनला सोबत ठेवा. बल्बांचे लक्सचे आकडे आले की तासवार इथे टाका; निम्म्या उजेडाचा वेळ कसा काढायचा यात अडलात तर त्याच आकड्यांवर दाखवतो.